जाळीवरच्या रॅकेटी

सुमन गेली तेव्हा मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो. सकाळी नर्सबाई म्हणाली, ‘आजोबा, आजींना आत्ता झोप लागलीय, तुम्ही काहीतरी पोटात घालून या.’ म्हणून खाली उतरलो. कप अर्धा झाला असेल नसेल, वॉर्डबॉय जिना उतरून आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘वर चला.’ काय झालं ते मी विचारलं नाही. कप तसाच ठेवला आणि गेलो. लोक म्हणतात, तिचं तसंच लिहिलेलं होतं. लिहिलेलं वगैरे काही नसतं. मी चहाला गेलो, तेवढ्यात ती गेली. एवढंच झालं.

विजयला फोन लावला. तो पुण्याला असतो, कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. म्हटलं, ‘अरे, ये.’ तो म्हणाला, ‘मामी गेली?’ ‘गेली,’ म्हटलं.

आता इथं वाचणारा अडखळेल म्हणून सांगतो. विजय सुमनच्या पोटचा पोरगा. एकुलता एक. जन्मदात्या आईला तो मामी म्हणतो आणि मला मामा. पन्नाशी आली त्याची, डोक्यावरचे केस गेले, तरी तसंच. त्याच्या तोंडून एकदा, कुणी न सांगता, आई ऐकायचं, एवढी एकच गोष्ट सुमनला जन्मभर पाहिजे होती. त्यासाठी तिनं काय काय केलं ते तिच्यामागं कुणाला ठाऊक राहणार नाही, म्हणून शेजारच्या मास्तरांकडून कागद मागून आणले. त्या पोरासाठी ती टेनिससुद्धा खेळली. हसू नका. नीट ऐका.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी कराडला एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. घरात खाणारी तोंडं जास्त, कमावणारा मी एकटा. मुंबईच्या एजंटानं निरोप धाडला की बहरीनला एका गोऱ्या साहेबाला जोडपं पाहिजे. नवऱ्यानं गाडी चालवायची, बायकोनं घर आणि स्वयंपाक बघायचा, राहायला बंगल्यामागं खोली. अट एकच, पोरं आणायची नाहीत. विजय तेव्हा दीड वर्षांचा होता, अंगावर पीत होता. माझी थोरली बहीण, ताई, शेजारच्याच गावात दिलेली. ती म्हणाली, ‘माझी तीन हायत, त्यात ह्ये चौथं. जावा तुमी. दोन वरसं म्हंजी काय, बघता बघता जात्यात.’ सुमननं फक्त पोराचं झबलं एक पिशवीत घातलं, न धुतलेलं. विमानात बसल्यावर दूध भरून आलं आणि तिचा झंपर पुढून ओला झाला. पदर ओढून, दोन्ही हात छातीशी धरून ती मुंबईपासून बहरीनपर्यंत तशीच बसली. हवाईसुंदरीनं जेवणाचं ताट पुढं केलं तर मान हलवली. त्या मुलीला वाटलं, बाई पहिल्यांदा विमानात बसलीय, घाबरलीय.

बंगला मनामाच्या कडेला होता. जवळच्या ज्या भागाला आता सीफ म्हणतात, मोठमोठे मॉल आहेत म्हणे, तिथं तेव्हा समुद्र होता. साहेबाला घेऊन त्या बाजूनं आलं की गाडीच्या काचेवर मीठ बसायचं. आमच्या खोलीला एक खिडकी, खिडकीत एसी, त्याचा खडखडाट. सुमन दिवसभर मेमसाहेबाच्या हाताखाली राबायची. हिंदी शिकली, चार शब्द इंग्रजी शिकली, केक भाजायला शिकली. संध्याकाळी ते झबलं पिशवीतून काढून नाकाला लावायची. काही महिन्यांनी त्याचा वास गेला. मग काढायचं बंद केलं.

गावाकडं फोन नव्हता. पत्र पाठवायचं तर सुमनचं बोलणं लिहायचं दुसऱ्यानं आणि ताईला वाचून दाखवायचं तिसऱ्यानं. तेव्हा आखातात सगळ्यांनी एक उपाय काढला होता, कॅसेट. सुट्टीवर निघालेल्या माणसाबरोबर मी एक टेपरेकॉर्डर ताईकडं धाडला आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी कॅसेट भरून पाठवायचो. मी बोलायचो थोडं, पाऊसपाणी, म्हशीचं वगैरे. बाकी सगळी कॅसेट सुमनची. ताईच्या घरात चारही पोरं टेपभोवती बसणार, तिला ते इथं बसून दिसायचं. मग एकट्या विजयचं नाव कसं घेणार? ताईला काय वाटेल? तिची पोरं काय परकी आहेत? म्हणून ती बटन दाबायची आणि सुरू करायची, ‘पोरांनो, ऐकताय न्हवं? मी मामी बोलतीय. समद्यांनी जेवून घ्या, भांडू नगा. मामी तुमास्नी खजूर घिऊन येनार हाय...’ ताईच्या पोरांची ती मामीच. तिच्या बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. दोन वर्षं दर कॅसेटला असंच. पोरगं बोलायला शिकायच्या वयात, आणि टेपमधून सुमनचा आवाज त्याला सांगतोय, मी मामी बोलतीय.

पहिल्या सुट्टीला आम्ही गावी गेलो तेव्हा ताईच्या अंगणात चारही पोरं धावत आली. सगळ्यांत पुढं विजय. हात पसरून, आनंदानं ओरडत, ‘मामी आली! टेपमदली मामी आली!’ सुमन बॅग हातात धरून तशीच उभी. मग खाली बसली, त्याला जवळ घेतलं. तो दोन मिनिटं जवळ राहिला, खजूर कुठाय म्हणाला, आणि खजूर घेऊन ताईच्या मांडीवर जाऊन बसला. ‘आई, तुला पन दिऊ?’ असं ताईला म्हणाला. ताई पांढरीफटक पडली. तिनं त्याच्या दंडाला धरून उभा केला, पाठीत रपाटा घातला. ‘ही तुजी आई हाय, मुडद्या! आई म्हन तिला!’ पोरगं रडत रडत जमिनीकडं बघून म्हणालं, ‘आई.’ सुमननं त्याचा दंड सोडवला. म्हणाली, ‘ताई, असं नको. मारून नको वदवू. यील तवा यील.’

ते ‘यील तवा यील’ तिनं शेवटपर्यंत सोडलं नाही. मी दोष कुणालाच देत नाही, ताईला तर नाहीच. दूध पाजायचं सोडून तिनं त्या पोराचं सगळं केलं. मला मामा म्हणतो त्याचं मला एवढं काही वाटलं नाही, मी दिवसभर स्टेरिंगवर, माणसाला सवय होते. सुमनला झाली नाही.

परत बहरीनला आल्यावर ती बोलायचीच थांबली. कामापुरतं ‘यस मॅडम, नो मॅडम.’ माझ्याशी तेही नाही. साहेबानं नवीन करार पुढं केला, मी सही केली, तिनं अंगठ्याऐवजी नुकतंच शिकलेलं नाव काढलं. तरी एक शब्द नाही. असं वर्षभर गेलं असेल. मग एक दिवस मेमसाहेबानं दोन जुन्या लाकडी रॅकेटी कचऱ्यात टाकल्या. तिच्या क्लबात आता लोखंडी आल्या होत्या. सुमननं त्या उचलून खोलीत आणल्या. मी म्हटलं, ‘हे काय करायचं?’ म्हणाली, ‘जाळी बरी हाय. कुरडया वाळत घालायला हुतील.’ वर्षभरात ते तिचं पहिलं लांबलचक वाक्य. मला एवढं बरं वाटलं की मी म्हटलं, ‘घाल बाई, घाल.’

बंगल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सरकारी बाग होती. शुक्रवारी सुट्टी, दुपारची भांडी झाली की आम्ही तिथं जाऊन बसायचो. बागेच्या टोकाला सिमेंटचं टेनिस कोर्ट. फुकट. कुणीही यावं, खेळावं. रेघा पुसट झालेल्या, मधली जाळी पोटातून लोंबलेली, तिला तारेनं ताणून बांधलेलं, वारा सुटला की कोर्टावर वाळू. तिथं सगळ्या जातीची माणसं, केरळी, पाकिस्तानी, गोव्याचे ख्रिश्चन, तिथली अरबी पोरं. एका शुक्रवारी एक केरळी नर्स आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सहा-सात वर्षांची, तोंड फुगवून बसलेली, आईशी एक शब्द बोलत नव्हती. नर्सनं तिच्या हातात रॅकेट दिली आणि चेंडू टाकला. पोरीनं रागानं मारला. आईनं परत टाकला. परत मारला. अर्धा तास दोघी एक अक्षर न बोलता मारत राहिल्या, आणि शेवटी ती पोरगी खिदळत होती. सुमन बाकावरून उठून कोर्टाभोवतीच्या कुंपणाच्या जाळीशी जाऊन उभी राहिली. तिच्या बोटांत ती तारेची जाळी रुतली होती. घरी जाताना मला म्हणाली, ‘आवं, ह्यात बोलावं लागत न्हाई. म्हनावं बी लागत न्हाई काय. चेंडू टाकला की परत येतो.’ थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, ‘इजयला एकदा हितं आनायचा. त्येच्या आदी मला ह्ये आलं पायजे.’

मग काय, कुरडया राहिल्या बाजूला. जिदहफ्सच्या बाजारातून तिच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले. साडी वर खोचायची, पदर कमरेला आवळायचा, आणि उभी राहायची. आम्हाला शिकवलं फर्नांडिसनं. हा गोव्याचा म्हातारा, मनामाच्या बाजारात शिंपीकाम करायचा, लहानपणी मुंबईच्या कुठल्याशा क्लबात चेंडू उचलायला होता. गुडघे गेलेले, पण बाकावर बसून ओरडायचा, ‘गो बाय, चेंडवाक पळय! घोवाक कित्याक पळयता?’ नवऱ्याकडं कशाला बघतेस, चेंडूकडं बघ. मला काही जमत नव्हतं. सुमन म्हणायची, ‘तुमचा हात म्हंजी स्टेरिंग. चेंडू आला की वळिवताय! आवं मारा, वळण न्हाई हितं!’ आजूबाजूचे हसायचे. ती पण हसायची. त्या बागेत मला माझी बायको परत दिसायला लागली.

त्या कोर्टाचा एक नियम होता, तो नीट सांगतो. कुणी लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. आलं की आपली रॅकेट कोर्टाच्या तारेच्या जाळीला लावायची, दांडा आत खुपसून. पहिली कुणाची, तिच्यामागं कुणाची, लांबून दिसतं. तोच नंबर. सहा गेम झाले की उतरायचं आणि पुढच्यानं चढायचं. दुसऱ्याच्या रॅकेटला हात लावायचा नाही. माणूस पाणी प्यायला गेला, नमाजाला गेला, तरी रॅकेट जाळीला आहे तोवर त्याचा नंबर आहे. पण ज्यानं आपली स्वतः काढून घेतली, त्याचा नंबर गेला, मागच्यानं पुढं सरकायचं. नियमाचा राखणदार म्हणजे बागेचा माळी, हाजी. पांढरी दाढी, हातात झाडांना पाणी घालायची नळी. एकदा मुंबईचा कुणी बँकेतला साहेब आला, आपलाच, मराठी. पांढरे बूट, पांढरे मोजे. त्यानं सुमनची रॅकेट काढून बाकावर ठेवली आणि आपली लावली. म्हणाला, ‘बाई, तुम्ही मुलांबरोबर आलाय ना? मुलं खेळतील नंतर.’ सुमन म्हणाली, ‘माझं मूल हितं न्हाई. माझी रॅकेट हाय. जिथनं काढली तिथं ठेवा.’ तो हसला. हाजीला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण बाकावरची रॅकेट दिसली. त्यानं नळीचं पाणी सरळ त्या पांढऱ्या बुटांवर सोडलं. ‘यल्ला! नंबर, नंबर!’ साहेब उड्या मारत बाजूला झाला. रॅकेट परत जाळीला लागली.

अशी वर्षं गेली. दर दोन वर्षांनी सुट्टी, दर सुट्टीला ‘मामी आली’, आणि दर शुक्रवारी कोर्ट. सुमन चांगली खेळायला लागली. चेंडू परत पाठवायची, एवढंच, पण कसाही आला तरी परत पाठवायची. कॅसेटवर आता ‘मी मामी’ म्हणत नव्हती. नुसतंच ‘पोरांनो’ म्हणायची. उशीर झाला होता.

विजय नऊ वर्षांचा झाला तेव्हा मेमसाहेबानं एकदाची परवानगी दिली. मे महिन्यात ती विलायतेला जायची, बंगला रिकामा. पोराला महिन्याच्या व्हिजावर आणा म्हणाली. सुमननं दुसऱ्या रॅकेटचा दांडा फर्नांडिसकडून करवतीनं कापून घेतला, लहान हाताला बसेल असा. आणि आपल्या लग्नातल्या हिरव्या साडीचा काठ फाडून त्या दांड्यावर गुंडाळला, हाताला फोड येऊ नयेत म्हणून. साताऱ्याकडचा एक फिटर सुट्टीवरून परत येत होता, त्याच्याबरोबर पोरगं आलं. विमानतळावर वाकून पाया पडलं, ‘मामी, मामा,’ म्हणालं. खोलीत येऊन कोपऱ्यात बसलं. सुमननं सांजा केला, खाल्ला नाही. ‘आईच्या हातची चटणी दिलीय, ती दे,’ म्हणाला. पहिले चार दिवस चटणी आणि भाकरी.

शुक्रवारी त्याला कोर्टावर नेला. उन्हं उतरली होती, सिमेंट मात्र तव्यासारखं. सुमननं चेंडू टाकला. त्यानं मारला, गेला झाडीत. परत टाकला. मग... त्या नर्सच्या पोरीचं झालं तसंच झालं हो. तासाभरात पोरगं ओरडत होतं, ‘मामी, लांब मारलीस! मामी, आता मी सोडत न्हाई तुला!’ सुमन धावत होती, साडी वाऱ्यावर, तोंड लालेलाल. त्यानंतर शुक्रवारची वाट कोण बघतो? रोज संध्याकाळी दोघं जायची. दोन रॅकेटी जाळीला, पहिली तिची, तिच्यामागं लहानी. रात्री जेवताना पोरगं तिच्या ताटातलं उचलून खायला लागलं. एकदा फर्नांडिसनं बाकावरून विचारलं, ‘गो, हो कोण? भाचो?’ सुमननं तोंड उघडायच्या आत विजय म्हणाला, ‘ही माझी मामी हाय.’ फर्नांडिसनं सुमनकडं बघितलं. सुमन म्हणाली, ‘व्हय. भाचा.’ माझं डोकं फिरलं. मी उठलो, पोराला काहीतरी बोलणार होतो. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘गप बसा. चेंडू परत येतोय न्हवं? यिऊ दे.’

शेवटचा आठवडा राहिला तेव्हा तिनं मनाशी ठरवलं. दुपारी भांडी घासताना मला म्हणाली, ‘आज त्येला इचारनार हाय. एकदा म्हन म्हनून. मारून न्हाई, रागावून न्हाई. खेळता खेळता. म्हनला तर म्हनला.’ संध्याकाळी कोर्टावर गेलो. आमचा नंबर लागला. सुमन जाळीच्या पलीकडून ओरडली, ‘इजय, आज जितलास तर मागशील त्ये दीन. आन मी जितले, तर मी मागनार. कबूल?’ ‘कबूल!’ पोरगं जिवावर उदार होऊन खेळलं. सुमननं सोडून दिलं म्हणा, किंवा तिला खरंच जमलं नाही म्हणा, ते मला आजवर कळलं नाही. पण तो जिंकला. ती जाळीपाशी आली, घाम पुसत, हसत. ‘जितलास बाबा. माग काय पायजे त्ये.’ तो पायानं सिमेंटवरची वाळू उकरत उभा राहिला. ‘खरंच दिशील?’ ‘दीन की.’ ‘नक्की?’ ‘नक्की.’

‘मला आईकडं जायचंय,’ तो म्हणाला. ‘उद्याच.’

कोर्टाबाहेर पुढचे दोघे उभे होते. सुमन त्याच्याकडं बघत राहिली, मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘जाशील,’ म्हणाली. ‘मामा तिकिटाचं बघतील. आठवडा न्हाई थांबायचं, लवकर जाशील.’ आणि चालत तारेच्या जाळीपाशी गेली आणि आपली रॅकेट तिथं लावली. आमचे गेम संपले होते, त्या दोघांचे होईतो अंधार पडणार होता, पुन्हा नंबर लावायचं काही कारण नव्हतं. तरी लावली. पोरगं मागोमाग गेलं आणि त्यानंही आपली तिच्यामागं लावली. त्याला वाटलं असेल, असंच करायचं असतं. हाजी नळी गुंडाळत होता. म्हणाला, ‘खलास?’ सुमन म्हणाली, ‘खलास.’

विमानतळावर मी त्याच्या बॅगेत लहानी रॅकेट घातली होती. त्यानं ती काढून सुमनच्या हातात दिली. ‘ही हितं ऱ्हाऊ दे, मामी. माझा नंबर हाय. पुढच्या मेमदी येतोय न्हवं.’ पोरानं मनापासून म्हटलं होतं, खोटं नव्हतं ते. पुढच्या मेला ताईनं निरोप पाठवला, तिकडनं आल्यावर पोराला महिनाभर झोप नव्हती, दचकून उठायचं, मला सोडून कुठं जाऊ नकोस म्हणायचं, आता नको पाठवायला. त्याच्या पुढच्या वर्षी शाळा. मग साहेब बदलला, नवीन साहेबाला घरात पाहुणे नको होते. सौदीला जायचा पूल झाला, कोर्टावर दुसरी माणसं आली, फर्नांडिस गावी जाऊन वारला. सुमन शुक्रवारी तीन रॅकेटी घेऊन जायची. स्वतःची, लहानी, आणि मी बाजारातून घेतलेली माझी. त्याच क्रमानं जाळीला लावायची. नंबर आला की लहानी तिथंच ठेवून आम्ही दोघं खेळायचो. नवी माणसं विचारायची, ही कुणाची? ‘हाय एकाची,’ म्हणायची. हाजी होता तोवर त्या रॅकेटला कुणी हात लावला नाही.

आम्ही कायमचे परतलो तेव्हा विजय कॉलेजला, वसतिगृहात. म्हणजे आम्ही आलो आणि तो गेला. गावात कोर्ट कुठलं? सुमन गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायची. बायका म्हणायच्या, ‘बहरीनच्या उन्हानं डोकं फिरलंय हिचं.’ तिनं लक्ष दिलं नाही. ओसरीच्या खिडकीला लोखंडी जाळी आहे, तिला तिनं तीनही रॅकेटी लावल्या. तिची, मग लहानी, मग माझी. विजय सुट्टीला आला की त्यांच्याकडं बघायचा. वागायला चांगला आहे तो. औषधपाणी बघितलं, डोळ्यांचं ऑपरेशन केलं, सणाला साडी चुकवली नाही. त्याची पोरं तिला आजी म्हणतात, इंग्रजीत का होईना गप्पा मारतात. तो मात्र तोंडभरून ‘मामी.’ त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? शाळेपासून आईचं नाव सुमनच लावत आला. पण ठाऊक असणं वेगळं आणि तोंडात येणं वेगळं.

मधे ताई गेली. विजय पुण्याहून आला आणि अंगणात मातीत लोळून रडला, एवढा बाप्या माणूस. ‘आई, आई’ करत. कुणाला आवरेना. सुमन त्याच्याजवळ जाऊन मातीत बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो तसाच पडून राहिला, तिच्या मांडीवर, ताईला हाका मारत. तिची साडी गुडघ्यावर भिजली. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘दीड वरसाचा हुता, त्येच्यानंतर पयल्यांदा येवढा येळ मांडीवर हुता.’

दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी तिनं विचारलं, ‘इजय कवा येनार हाय?’ म्हटलं, ‘रविवारी.’ ‘यिऊ दे,’ म्हणाली. ‘घाई न्हाई. नंबर हाय त्येचा.’ तापात बरळते असं नर्सबाईला वाटलं. सकाळी ती गेली. त्यादिवशी शुक्रवार होता.

विजयनं सगळं रीतीनं केलं. अग्नी दिला, तेरा दिवस थांबला, कामावर रजा टाकली. डोळ्यांत पाणी नव्हतं, मी बघत होतो. तेराव्याचं कार्ड छापलं, त्यावर ‘आमच्या मातोश्री’ असं आहे. मातोश्री. छापखान्यात सगळ्यांच्याच कार्डावर तेच असतं. आलेल्या माणसांशी बोलताना ‘मामीचं दुखणं’, ‘मामीला फार झालं नाही’ असंच चाललं होतं. कार्ड न वाचता आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना वाटलं असेल, भला माणूस आहे, मामीचं एवढं करतोय.

चौदाव्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन गेला. मी ओसरीवर येऊन बसलो. बराच वेळ समोर बघत होतो पण ध्यानात आलं नाही. मग दिसलं, खिडकीच्या जाळीवर दोनच रॅकेटी होत्या. मधली लहानी नव्हती. तिच्या जागी जाळीचा रंग ताजा होता, एवढी वर्षं ऊन न लागलेला. हिरव्या काठाचा एक धागा तारेला अडकून राहिला होता. त्यानं ती का नेली, कधी काढली, मला माहीत नाही. घरी काढून ठेवायला नेली, का कुठं टाकायला, का आणखी कशाला... मी माझ्या मनाचं काही घालणार नाही त्यात. पण नेली.

दुपारी त्याचा फोन आला. ‘मामा, पोचलो.’

‘बरं,’ म्हटलं.

‘मामा, ती लहानी रॅकेट...’ म्हणाला आणि थांबला. मागं गाड्यांचा आवाज येत होता.

‘तुझीच आहे,’ म्हटलं.

‘हां,’ म्हणाला. मग फोन बंद झाला.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी खिडकीपाशी गेलो. नियम आहे. ज्यानं आपली काढून नेली त्याचा नंबर गेला, मागच्यानं पुढं सरकायचं. मी माझी काढली, फडक्यानं पुसली, आणि सुमनच्या मागं लावली.